हाताने चालवायचा लिपोसोम एक्स्ट्रूडर: विषाणूंचं फ्युजन मोजणाऱ्या लॅबने घ्यावा का?

एक्स्ट्रूडर म्हणजे लिपिडचं (मेदाचं) मिश्रण बारीक भोकांच्या फिल्टरमधून ढकलून लिपोसोम, म्हणजे लिपिडच्या पटलाचे इवलेसे फुगे, करायचं साधन. विषाणूचं पटल असल्या फुग्याच्या पटलात मिसळणं म्हणजे फ्युजन. घ्यावा, पण नुसता खोका घेऊ नये. खोक्यात काचेच्या दोनच सिरिंजा येतात. त्यातली एक फुटली की काम ठप्प. मग बदली सिरिंजसाठी इंडेंट, तीन कोटेशनं, मंजुरी, कस्टम्स असा प्रवास सुरू होतो आणि तो संपेपर्यंत फ्रीजरमधल्या लिपिडचं काय झालं असेल ते सांगता येत नाही. पहिल्या ऑर्डरमध्येच सिरिंजांची आणखी एक जोडी, ओ-रिंगांचं पाकीट आणि १०० नॅनोमीटरच्या फिल्टरचा अख्खा डबा लिहून टाका. मुख्य यंत्र वर्षानुवर्षं टिकतं. खर्च होतो तो या बारीकसारीक गोष्टींवर.

यंत्र म्हणावं इतकं त्यात काही नाही. स्टीलचं एक पोकळ आवरण, त्यावर फिरकीची नट, आत टेफ्लॉनचे दोन तुकडे, त्यांच्या खाचांत एकेक ओ-रिंग, मधोमध १९ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेटची चकती आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर खुपसलेल्या सिरिंजा. हे सगळं ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसतं, आणि ठोकळा हॉटप्लेटवर ठेवता येतो. दाबाखाली फिल्टरमधून लिपिड ढकलून एकसारख्या आकाराचे फुगे करायची पद्धत १९८५ मध्ये व्हँकुव्हरच्या गटाने रूढ केली. तिचा हा छोटा, दोन सिरिंजांचा अवतार १९९१ मध्ये छापून आला. बाजारात आज जे मिळतात ते बहुतेक याच घराण्यातले. त्यामुळे इथे एका कंपनीचं नाही, तर या रचनेचं परीक्षण आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूचं पटल दुसऱ्या पटलात मिसळताना मोजणं.

या कामाला एक्स्ट्रूडरच का? इन्फ्लुएन्झाच्या अंगावरचं हेमॅग्लुटिनिन हे प्रथिन, म्हणजे एचए, पेशीच्या एंडोसोममध्ये (विषाणूला आत घेणाऱ्या पिशवीत) पीएच ५ ते ५.५ च्या आसपास उतरला की उलगडतं. त्याची शांत अवस्थेतली रचना १९८१ मध्ये आणि आम्लातली १९९४ मध्ये क्ष-किरणांनी दिसली. दोन्ही शेजारी ठेवल्या की कळतं, खोडात दडलेलं फ्युजन पेप्टाइड सुमारे १० नॅनोमीटर वर फेकलं जातं आणि समोरच्या पटलात रुततं. मग प्रथिन केसपिनेसारखं दुमडतं आणि दोन्ही पटलं एकमेकांवर ओढून आणतं. हे प्रयोगात बघायचं तर समोरचं पटल तुमच्या माहितीतलं हवं: घटक किती, आकार केवढा, थर किती. खरं एंडोसोम यातलं काहीच हमीने देत नाही, लिपोसोम देतो.

सोनिकेटर (ध्वनिलहरींनी लिपिड फोडणारं यंत्र) आहेच की, असं म्हणणारे प्रत्येक लॅबमध्ये सापडतात. प्रोब सोनिकेटरने लिपोसोम नक्की होतात, पण २५ ते ५० नॅनोमीटरचे. एवढ्या लहान फुग्याचं पटल इतकं वाकलेलं असतं की ते विषाणूच्या मदतीशिवायसुद्धा मिसळायला टपलेलं असतं. मिसळणं मोजणाऱ्या आलेखावर चढण दिसते आणि श्रेय एचएला दिलं जातं. शिवाय प्रोबच्या टोकाची टायटॅनियमची भुकटी नमुन्यात पडते, ती सेंट्रिफ्यूजने काढावी लागते. आकाराची शिस्त ज्या प्रयोगाचा पाया आहे, तिथे सोनिकेटर नको.

आता एक बॅच कशी बनते ते. १ मिलिलीटर, एकूण लिपिड ५ मिलिमोलर. प्रमाण मोल टक्क्यांत: पीओपीसी ६८, डीओपीई २० (ही दोन्ही फॉस्फोलिपिडं), कोलेस्टेरॉल १० आणि गँग्लिओसाइड जीडी१ए (साखरा जोडलेलं लिपिड) २. वजनात ते अंदाजे २.६, ०.७५, ०.१९ आणि ०.१८ मिलिग्रॅम होतं. म्हणजे २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या कुपीतून पीओपीसी साधारण १०४ मायक्रोलीटर. गँग्लिओसाइड विसरू नका. एचएला धरायला सियालिक आम्ल लागतं आणि ते इथून येतं. फक्त ते निव्वळ क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ मध्ये विरघळतं. क्लोरोफॉर्म उचलायला काचेचीच सिरिंज वापरा. पिपेटच्या प्लास्टिक टिपमधून तो ठिबकतो, माप चुकतं आणि प्लास्टिकमधलं काहीबाही लिपिडमध्ये उतरतं.

उणे २० अंशांवरून काढलेली कुपी गार असताना उघडायची नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की झाकण काढताच आत दव धरतं आणि कुपीतलं माप कायमचं बिघडतं. अर्धा तास टेबलावर राहू द्या, मग उघडा, आणि परत बंद करताना वरून आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडा.

काचेच्या नळीत नायट्रोजनच्या हलक्या झोतात क्लोरोफॉर्म उडवायचा, नळी हाताने फिरवत राहायची म्हणजे तळाशी पातळ पापुद्रा बसतो. मग किमान दोन तास व्हॅक्युम, रात्रभर मिळाला तर उत्तम. उरलेला क्लोरोफॉर्म पुढे दुहेरी त्रास देतो: पटल सैल करतो आणि ओ-रिंग फुगवतो. त्यानंतर १ मिलिलीटर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाला: हेपीस, एमईएस आणि सोडियम सायट्रेट प्रत्येकी ५ मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, पीएच ७.४. व्हॉर्टेक्सवर ढवळलं की ताकासारखं पांढरं पाणी होतं. हे अनेक थरांचे, कांद्यासारखे फुगे. ते क्रायोव्हायलमध्ये घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, ४० अंशांच्या पाण्यात वितळवा, असं पाच वेळा. याला कंटाळून ही पायरी गाळतात, आणि मग फिल्टर तिसऱ्या फेरीतच तुंबतो.

आता जोडणी. इथे निम्म्या तक्रारी जन्म घेतात. टेफ्लॉनच्या दोन्ही तुकड्यांत ओ-रिंग खाचेत नीट बसल्या आहेत का ते बोटाने चाचपून घ्या. प्रत्येक ओ-रिंगच्या आत १० मिलिमीटरची आधार-चकती बफरने ओली करून ठेवा. ओली केल्याने ती चिकटून बसते, उलटं केलं तरी पडत नाही. मग एका बाजूवर फिल्टर, चिमट्याने कडेला धरून. फिल्टरच्या डब्यात प्रत्येक दोन फिल्टरमध्ये एक निळा कागद असतो. निळा दिसतो, गोल असतो, हाताला दणकट लागतो, आणि नवा जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) हमखास तोच बसवतो. फिल्टर म्हणजे तो पांढरट, अर्धपारदर्शक, फुंकरीने उडणारा पापुद्रा. निळा कागद कचऱ्यात.

नट हाताने घट्ट करायची, पकड लावायची नाही. पकडीने टेफ्लॉन दबतो, त्यावर वळ उमटतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच वळातून गळती होते. आधी नुसतं बफर तीन-चार वेळा आरपार करा. हवेचा बुडबुडा निघून जातो, मधली मृत जागा बफरने भरते आणि गळती असेल तर ती फुकटच्या पाण्यात कळते, महागड्या लिपिडात नाही. नमुन्यात थोडं बफर मिसळून तो किंचित पातळ होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

ढकलायची चाल एकसारखी ठेवा, अंगठ्याने नव्हे तर तळव्याने, आणि दांडा सरळ रेषेत. समोरच्या सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकायला हवा. तो सरकत नसेल आणि तुमच्या हाताला जोर लागत असेल तर थांबा. अशा वेळी जोर केल्याने दांडा वाकतो, आणि एकदा वाकलेला दांडा काचेत घासत राहतो. पहिल्या दोन फेऱ्या जड जातात, मग हलकं होतं. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर ताकाचं निळसर, धुरकट पाणी होतं. उजेडासमोर धरलं तर कडेला निळी झाक आणि मध्ये किंचित तांबूस. फेऱ्या विषम घ्या, ११ किंवा २१. सुरुवात डावीकडून केली तर शेवट उजव्या सिरिंजमध्ये होतो, आणि फिल्टरमधून एकदाही न गेलेले मोठे गोळे डावीकडेच राहतात. सम संख्येवर थांबलात तर ते परत नमुन्यात आले म्हणून समजा.

मधेच जोर एकदम नाहीसा झाला, लोण्यात सुरी जावी तसं झालं, तर आनंद मानू नका: फिल्टर फाटला. उघडून बघा, आधार-चकतीच्या कडेवर अर्धचंद्रासारखी चीर दिसेल. बहुधा फिल्टर सुरकुतून बसलेला असतो किंवा नट फिरवताना तो सोबत फिरलेला असतो. नवा फिल्टर घाला आणि फेऱ्या पहिल्यापासून मोजा.

तापमानाचा नियम सोपा: मिश्रणातलं सर्वांत जास्त वितळणबिंदूचं लिपिड वितळलेलं हवं. पीओपीसी उणे २ अंशांना वितळतं, त्यामुळे वरची बॅच साध्या टेबलावर होते. डीपीपीसी ४१ अंशांचं, डीएसपीसी ५५ चं. तिथे ठोकळा गरम करून सिरिंजा भरल्यानंतर दहा मिनिटं थांबावं लागतं. ठोकळ्यातलं भोक सिरिंजपेक्षा किंचित मोठं असल्याने काचेचं तापमान ठोकळ्याहून कमी राहतं. पाच-सहा अंश जास्त ठेवा. या रचनेचा हा खरा दोष आहे. कंपन्या थर्मामीटर खुपसायला भोक देतात, पण ते ठोकळ्याचं तापमान दाखवतं, नमुन्याचं नाही.

१०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून निघालेला लिपोसोम बरोबर १०० चा नसतो. डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) सहसा ११० ते १३० दिसतो, कारण फुगे लवचीक असतात आणि भोकातून लांबट होऊन निसटतात. पॉलिडिस्पर्सिटी, म्हणजे आकारांतली तफावत, ०.१ च्या आसपास असली की बॅच पास. ०.२ च्या वर गेली तर फिल्टर फाटला होता किंवा गोठवण्याची पायरी गाळली होती.

आता या लिपोसोमचा उपयोग. विषाणूच्या पटलात ऑक्टाडेसिल रोडामाइन हा चमकणारा रंग, लॅबच्या भाषेत आर-१८, भरायचा. इथेनॉलमध्ये विरघळवून, इथेनॉल एकूण आकारमानाच्या १ टक्क्याच्या आत ठेवून, ढवळत असतानाच सोडायचा. अंधारात तासभर, मग सेफाडेक्स जी-७५ च्या स्तंभातून सुटा रंग वेगळा. रंग दाटीवाटीने बसला की स्वतःचीच चमक दाबतो. पटलं मिसळून रंग पातळ झाला की चमक वाढते. ही पद्धत १९८४ ची. पटलातल्या लिपिडच्या सुमारे ९ मोल टक्क्यांपर्यंत ही दाबणूक सरळ रेषेत राहते. त्यापुढे भरला तर रंगाच्या गुठळ्या होतात आणि गणित कोसळतं.

क्युव्हेटमध्ये (चमक मोजायच्या चौकोनी नळीत) २ मिलिलीटर बफर, ३७ अंश, चुंबकी ढवळणी चालू, उत्तेजन ५६० नॅनोमीटर, मोजणी ५९० वर. लिपोसोम ८० मायक्रोलीटर, म्हणजे २०० मायक्रोमोलर. एका मिलिलीटरच्या बॅचमधून गळती आणि मृत जागा वजा जाता साडेआठशे मायक्रोलीटर हाती येतात, म्हणजे दहा आलेख. प्रयोग आखताना ही संख्या धरा. विषाणू घालून रेषा मिनिटभर सपाट राहते का बघा, मग सायट्रिक आम्ल टोचा. किती टोचायचं हे आधीच ठरवून ठेवा: त्याच बफरच्या २ मिलिलीटरमध्ये, ३७ अंशांवर, पीएच मीटर लावून थेंबाथेंबाने पीएच ५.० गाठा आणि आकारमान लिहून ठेवा. क्युव्हेटमध्ये पट्टी बुडवून पीएच बघणं म्हणजे ज्योतिष. शेवटी ट्रायटन एक्स-१०० (सगळी पटलं विरघळवणारा डिटर्जंट), अखेरची संहती १ टक्का. ती चमक १०० टक्के धरायची, सुरुवातीची शून्य.

सुरुवातीची रेषाच चढत असेल तर दोष एक्स्ट्रूडरला देऊ नका. सुटा रंग नीट काढला गेला नाही, किंवा आर-१८ चे रेणू एकेकटे एका पटलातून दुसऱ्यात उडी मारत आहेत. या रंगाची ती जुनी खोड आहे. म्हणून दुसरी पद्धत हाताशी ठेवा: लिपोसोममध्येच एनबीडी-पीई आणि रोडामाइन-पीई, म्हणजे लिपिडला जोडलेले दोन रंग, प्रत्येकी १ मोल टक्का घालून एक्स्ट्रूड करा. जवळ असताना रोडामाइन एनबीडीची चमक खातं, पटलं मिसळून ते लांब गेले की एनबीडीची चमक वाढते. हे रंग लिपिडच्या डोक्याला बांधलेले असल्याने उड्या मारत नाहीत. उत्तेजन ४६५ च्या आसपास, मोजणी ५३० वर. मात्र ट्रायटनने एनबीडीची स्वतःची चमक बदलते, त्याची दुरुस्ती केल्याशिवाय टक्केवारी लिहू नका. फ्लुओरेसिन बांधलेलं लिपिड तर या कामात नकोच, आम्लात त्याची चमक पडते.

नियंत्रण प्रयोग तीन, आणि तिन्ही त्याच बॅचवर. एक, आम्लाविना. दोन, विषाणू लिपोसोमशिवाय पीएच ५ ला ३७ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवून मग ७.४ ला आणलेला. एक्स-३१ या इन्फ्लुएन्झाच्या जातीचं एचए यात हवेत गोळी झाडल्यासारखं वाया जातं आणि पुढचा आलेख सपाट येतो. तीन, एमडीसीके पेशींत (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत) ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमशिवाय वाढवलेला विषाणू. त्याचं एचए एचए१ आणि एचए२ असं तुटलेलंच नसतं, त्यामुळे आम्लाला दाद देत नाही. बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेला विषाणू सुरक्षित म्हणून वापरायचा मोह होतो, पण त्या प्रक्रियेने फ्युजनची क्षमताच घटते. चिकटतो नीट, मिसळत नाही.

एक्स्ट्रूडरकडून न मिळणारी गोष्ट: लिपिड मिसळलं म्हणजे छिद्र उघडलं, असं नाही. बाहेरचे थर एकत्र होऊन आतले वेगळेच राहू शकतात, त्याला हेमिफ्युजन म्हणतात. एचएचा पटलातला खुंटा काढून त्याजागी लिपिडची शेपटी जोडली की ते तिथेच अडकतं, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. आलेख मात्र दोन्ही वेळा सारखाच सुंदर चढतो. त्यामुळे आतला ऐवज मिसळतो का तेही तपासा. १९८० मध्ये सेमलिकी फॉरेस्ट विषाणूवर हे लिपोसोममध्ये एन्झाइम कोंडून केलं होतं: छिद्र उघडलं तरच एन्झाइम विषाणूच्या पोटातल्या ऐवजापर्यंत पोचतं. आजही हा प्रयोग याच एक्स्ट्रूडरवर होतो, फक्त कोरड्या पापुद्र्यावर घालायच्या बफरमध्ये एन्झाइम मिसळायचं. तेव्हा गोठवणं-वितळवणं कमी करा, आणि बाहेर राहिलेलं एन्झाइम स्तंभातून काढून वर त्याचा प्रतिबंधकही घाला.

चिकुनगुन्यावर काम करणाऱ्यांना वरची पाककृती चालणार नाही. चिकुनगुन्या ज्या गटातला त्या अल्फाव्हायरसांना लिपोसोममध्ये सियालिक आम्ल लागत नाही, पण कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड लागतं. त्यांच्यासाठी पीसी, पीई (दोन फॉस्फोलिपिडं), स्फिंगोमायलिन, कोलेस्टेरॉल १:१:१:१.५. हे मिश्रण जड जातं. ठोकळा ५० ते ६० अंशांवर ठेवा, आधी २०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून काढा, मग १००. थंड असताना ढकललं तर कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन फिल्टरवरच राहतं आणि सिरिंजमध्ये येतं ते लिहिलेल्या प्रमाणाचं नसतं. लिपिड किती उरलं ते बघायला फॉस्फरस मोजला तरी कोलेस्टेरॉलची घट त्यात दिसत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

एका वेळी १० मिलिलीटरच्या वर लागत असेल तर हे यंत्र घेऊ नका, नायट्रोजनच्या सिलिंडरवर चालणारा मोठा एक्स्ट्रूडर घ्या. हाताच्या यंत्रावर दहा बॅचा केल्या तर दहा वेगवेगळ्या बॅचा मिळतात, एक नाही. २५० मायक्रोलीटरच्या सिरिंजा मात्र जरूर घ्या. महागडं गँग्लिओसाइड किंवा रंगीत लिपिड असताना त्याच कामाला येतात.

साफसफाई त्याच दिवशी. सगळं सुटं करा, गरम पाणी, मग इथेनॉल, मग डिस्टिल्ड पाणी. टेफ्लॉनच्या बारीक भोकात लिपिड सुकलं तर बाथ सोनिकेटरमध्ये इथेनॉलसह दहा मिनिटं. क्लोरोफॉर्म ओ-रिंगला लावायचा नाही. सिरिंजांच्या दट्ट्या-काचेच्या जोड्या अदलाबदल करू नका. एका जोडीवर मार्करने डावी-उजवी लिहून ठेवा. रंगीत लिपोसोमसाठी जोडी वेगळी, बिनरंगासाठी वेगळी. रोडामाइन टेफ्लॉनवरून सहज जात नाही, आणि पुढच्या महिन्यातल्या आम्लाविना नियंत्रणात तो ५९० नॅनोमीटरवर हजर होतो.

तयार लिपोसोम ४ अंशांवर, आर्गॉनखाली, आठवडाभर चालतात. फ्रीजरमध्ये ठेवायचे नाहीत. बर्फ झाला की फुगे फुटतात, एकमेकांत मिसळतात, आकार बिघडतो, आणि २१ फेऱ्या पुन्हा.